घरातील मूल आणि सरकारची वही

झाशी शहराहून बेतवेच्या काठच्या ओरछा गावी जावयास मोटारीने फार वेळ लागत नाही. रामराजाच्या दर्शनाला सकाळी निघालेली झाशीकर मंडळी दुपारच्या जेवणाला घरी परतू शकतात. पण या पंधरा-अठरा किलोमीटरांच्या वाटेत उत्तर प्रदेश संपतो व मध्य प्रदेश सुरू होतो. वाटसरूला ही सीमा जाणवत नाही. नुकत्याच जन्मलेल्या मुलीच्या बाबतीत मात्र ती मोठी ठरते. ओरछाच्या बाजूला जन्मलेल्या मुलीसाठी मध्य प्रदेश सरकारची २००७ साली सुरू झालेली ‘लाडली लक्ष्मी’ योजना आहे. सहावीत २,०००, नववीत ४,०००, अकरावीत व बारावीत प्रत्येकी ६,०००, महाविद्यालयात गेल्यावर २५,००० आणि अटी पाळून वयाची एकवीस वर्षे पुरी झाली म्हणजे १ लाख, अशा रीतीने एकूण १,४३,००० रुपयांची हमी तीत मिळते. झाशीच्या बाजूला जन्मलेल्या मुलीसाठी उत्तर प्रदेशाची २०१९ ची ‘मुख्यमंत्री कन्या सुमंगला’ योजना आहे. तिची रक्कम आरंभी १५,००० होती. २०२४-२५ पासून ती २५,००० झाली व सहा टप्प्यांत दिली जाते.

रकमांची ही तफावत कोणाच्याही चटकन लक्षात येते. आमच्या मते तिच्याहून विचार करण्याजोगी गोष्ट आहे ती अटींची. कन्या सुमंगला योजना घराचे उत्पन्न विचारते आणि ते वर्षाला ३ लाखांच्या आत असावे असे सांगते. लाडली लक्ष्मी योजना उत्पन्नाचा आकडा विचारीतच नाही. आईबाप प्राप्तिकर भरणारे नसावेत, एवढीच तिची अट. म्हणजे एका राज्यात मुलीचा हक्क तहसील कचेरीतील दाखल्यावरून ठरतो, तर दुसऱ्या राज्यात तो दिल्लीत मांडल्या जाणाऱ्या अंदाजपत्रकावरून ठरतो, आणि ते अंदाजपत्रक मांडताना त्या मुलीचा विचार कोणाच्या मनात असतोच असे नाही.

प्रत्येक घराच्या नावाने सरकारदरबारी जणू दोन वह्या उघडलेल्या असतात: एक घेण्याची, दुसरी देण्याची. आपल्या मुलाचे नाव यांपैकी कोणत्या वहीत आहे, आणि एका वहीतील नोंदीमुळे दुसऱ्या वहीतील पान बंद तर होत नाही ना, हे आईबापांनी एकदा तरी शांतपणे पाहावयास हवे. पगारदार माणूस पहिल्या वहीची धास्ती बाळगतो व दुसरी आपल्यासाठी नाहीच असे समजतो. मोलमजुरी करणाऱ्याला पहिली ठाऊक नसते आणि दुसरीची पाने कोठे उघडतात हे कोणी त्याला सांगत नाही.

घेण्याची वही

हिंदुस्थानातील प्राप्तिकराच्या जन्माशी झाशीचा संबंध आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. गंगाधरराव नेवाळकर १८५३ च्या नोव्हेंबरात वारले. त्यांनी दत्तक घेतलेल्या लहानग्या दामोदररावाचा वारसा कंपनी सरकारने मानला नाही आणि १८५४ साली संस्थान खालसा केले. पुढे १८५७-५८ चा संग्राम झाला. त्या संग्रामाने सरकारी तिजोरी रिकामी केली, आणि ती भरून काढण्यासाठी विलायतेहून जेम्स विल्सन या अर्थशास्त्रज्ञाला कलकत्त्यास धाडण्यात आले. त्याने १८६० साली वर्षाला २०० रुपये व त्याहून अधिक मिळविणाऱ्यांवर कर बसविला. त्याच वर्षी विल्सन कलकत्त्यात वारला आणि त्याचा कर पाच वर्षांनी उठला; पण १८८६ साली तो पुन्हा आला आणि मग कायमचा राहिला. ज्याचा वारसा नाकारला गेला तो दामोदरराव पुढे इंदुरास इंग्रजांच्या तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर जगला.

या करात मुलाबाळांचा विचार प्रथम शिरला तो स्वातंत्र्यानंतर, आणि त्याचा आरंभ एका मराठी अर्थमंत्र्याच्या हातून झाला. श्री. चिंतामणराव देशमुख यांनी १९५५ च्या अंदाजपत्रकात विवाहित व अविवाहित यांच्यात भेद केला. करमाफीचा पहिला टप्पा तोवर सर्वांना १,५०० रुपयांचा होता; तो विवाहितांना २,००० व अविवाहितांना १,००० करण्यात आला. ब्रह्मचाऱ्यांवर बसलेला दंड म्हणून त्याची त्या काळी थट्टा झाली असेल तर नवल नाही. देशमुखांची दृष्टी मात्र वेगळी होती. कुटुंबभत्त्याच्या दिशेने टाकलेले एक लहानसे पाऊल म्हणून ते या भेदाकडे पाहत होते. दोनच वर्षांनी, १९५७ साली, श्री. टी. टी. कृष्णमाचारी यांनी पुढचे पाऊल टाकले. विवाहित माणसाला ३,००० रुपयांपर्यंत कर नाही. एक मूल असल्यास ३,३०० पर्यंत नाही. दोन किंवा अधिक असल्यास ३,६०० पर्यंत नाही.

ही सवलत किती मोलाची होती, याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. पहिल्या करपात्र टप्प्याचा दर शेकडा ३ होता. तेव्हा ३०० रुपयांच्या माफीने वर्षाला वाचत ते ९ रुपये, म्हणजे एका मुलामागे महिन्याला बारा आणे. रक्कम लहान होती, परंतु ज्याच्या घरात खाणारी तोंडे अधिक त्याची कर देण्याची ताकद कमी, हे तत्त्व कायद्याच्या अक्षरांत उतरले होते. ते फार काळ टिकले नाही. अर्थखाते स्वतःकडे असताना श्रीमती इंदिरा गांधी यांनी १९७० च्या अंदाजपत्रकात सर्वांसाठी ५,००० रुपयांची एकच मर्यादा ठेवली. लग्न झाले आहे की नाही, मुले किती, हे प्रश्न कर आकारताना विचारावयाचे बंद झाले. हिशेब सोपा झाला, यात शंका नाही. पण त्या सोपेपणात मूल वहीतून गळाले.

पुढील काळात ते परत आले, ते आडवाटेने. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याखालील नियमांत पगारदारांच्या शिक्षणभत्त्यापैकी एका मुलामागे महिना १०० रुपये, वसतिगृहासाठी ३०० रुपये, आणि तेही दोन मुलांपुरते, करमुक्त राहिले. शाळेची शिकवणी-फी व मुलीच्या नावे ठेवलेली शिल्लक दीड लाखाच्या एकत्रित वजावटीत धरली जाऊ लागली. शंभर रुपयांत आजकाल शाळेच्या एका पुस्तकाचीही खात्री देता येत नाही. तरी ती रक्कम वर्षानुवर्षे तशीच राहिली. महागाई भत्ता वाढतो, पगार आयोग येतात, पण मुलाच्या नावाची रक्कम एकदा नियमात गोठली की तिला कोणी वाली उरत नाही. याची आणखी उदाहरणे पुढे येतील.

एक गंमत अशी की, करकायदा मुलाकडे पाहतो तेव्हा पुष्कळदा संशयाने पाहतो. आजोबांनी नातीच्या नावे बँकेत ठेव ठेवली, तर तिचे व्याज नातीचे धरले जात नाही. आईबापांपैकी ज्याची मिळकत जास्त त्याच्या मिळकतीत ते मिळविले जाते. मुलाच्या नावाआड बापाने आपले उत्पन्न दडवू नये म्हणून १९९२ पासून हा नियम आहे. जुन्या पद्धतीत त्यातून मुलामागे वर्षाला १,५०० रुपये वगळता येत.

नगऱ्यातील एक संसार

आता हे सारे एका घरावर लावून पाहू. झाशीतील नगरा ही वस्ती रेल्वेच्या कारखान्याच्या आधाराने वाढलेली आहे. झाशीचा रेल्वे विभाग पूर्वी जी. आय. पी. रेल्वेत व मग मध्य रेल्वेत होता. २००३ साली तो उत्तर मध्य रेल्वेत गेला, तोवर त्याचे मुख्य कार्यालय मुंबईस होते. झाशीत मराठी कुटुंबे नेवाळकरांच्या वेळेपासून आहेत. त्यांत रेल्वेच्या या मुंबई-संबंधाने भर घातली. असे एक पगारदार घर कल्पनेने डोळ्यांपुढे आणू. पगार सर्व मिळून वर्षाला ८ लाख, दोन मुली, राहणे रेल्वेच्या वसाहतीत.

२०२५-२६ या वर्षाच्या दरांनी जुन्या पद्धतीत पाहिले, तर ५०,००० ची ठोक वजावट आणि मुलींच्या नावची शिल्लक, फी, भविष्यनिर्वाह निधी यांची दीड लाखाची वजावट जाऊन ६ लाखांवर कर बसतो. तो उपकरासह ३३,८०० रुपये होतो. नव्या पद्धतीत यांतील दीड लाखाची वजावट नाही, शिक्षणभत्त्याची सूट नाही, मुलींचा उल्लेखच नाही. आणि तरीही कर शून्य आहे. २०२५ च्या अंदाजपत्रकाने नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतचे करपात्र उत्पन्न सवलतीने करमुक्त केले. पगारदाराला ७५,००० ची ठोक वजावट धरून ही मर्यादा पावणेतेरा लाखांवर जाते. अर्थात या घराने नवी पद्धत पत्करावी हे सांगावयास कोणा जाणकाराची गरज नाही. मात्र मूल नसलेल्या शेजाऱ्यालाही हेच लागू आहे. सवलत उदार झाली आणि मुलांविषयी ती पूर्वीपेक्षाही अबोल झाली.

यातून एक धोका संभवतो व तो गृहिणींनी ओळखावा. आजवर मार्च महिना जवळ आला की कर वाचविण्याच्या निमित्ताने का होईना, मुलीच्या खात्यात पैसे पडत. ते निमित्त आता उरले नाही. ‘सुकन्या समृद्धी’ हे टपाल कचेरीत वा बँकेत उघडावयाचे खाते २०१५ साली सुरू झाले. मुलगी दहा वर्षांची होईतो ते काढता येते, वर्षाला किमान २५० व कमाल दीड लाख रुपये पंधरा वर्षे भरावयाचे असतात आणि एकविसाव्या वर्षी ते पुरे होते. २०२४ च्या जानेवारीत त्याचा व्याजदर शेकडा ८.२ करण्यात आला. वजावट गेली तरी त्याचे व्याज व शेवटी मिळणारी रक्कम नव्या पद्धतीतही करमुक्त आहे. कर वाचत नाही म्हणून खाते ओस पडू देणे हा शहाणपणा नव्हे.

या घराच्या हाती आणखी एक गोष्ट पडते. मध्यवर्ती सरकारच्या नोकराला दोन मुलांपर्यंत शिक्षणभत्ता मिळतो. सातव्या वेतन आयोगाने तो महिना २,२५० ठरविला. महागाई भत्ता शेकडा ५० वर पोहोचल्यामुळे २०२४ च्या जानेवारीपासून तो २,८१२ रुपये ५० पैसे झाला. म्हणजे एका मुलीमागे वर्षाला ३३,७५० रुपये. कन्या सुमंगला योजनेत गरीब घरच्या मुलीला जन्मापासून महाविद्यालयाच्या दारापर्यंत मिळावयाची सगळी रक्कम आहे २५,०००. नोकराला त्याच्या चाकरीबद्दल मिळणारे वेतन आणि सरकारने दिलेले साहाय्य यांची तुलना करू नये, असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्यही आहे. तथापि महागाई वाढली की एक रक्कम आपोआप वाढते आणि दुसरी वाढावयास नव्या निर्णयाची वाट पाहावी लागते, हा फरक नजरेआड करता येत नाही.

देण्याची वही

दुसरे घर मऊरानीपूर तहसिलीतील एका खेड्यातले घेऊ. नवराबायको मजुरी करतात, थोडी कोरडवाहू जमीन आहे आणि पहिलेच अपत्य मुलगी आहे. त्यांचा प्राप्तिकराशी काडीचाही संबंध नाही, पण ते कर भरत नाहीत असे मात्र म्हणता येणार नाही. तेल, साबण, बाळाची दुधाची बाटली, यांच्या किमतीत कर दडलेला असतोच. शाळेच्या वह्या, पेन्सिली, खोडरबर यांवरील वस्तू व सेवा कर २०२५ च्या २२ सप्टेंबरपासून पूर्णपणे उठला, आणि दुधाच्या बाटल्यांवरचा शेकडा १२ वरून ५ वर आला, ही या घराला थेट पोहोचलेली करसवलत होय. वजावटीचा फायदा ज्याला कर लागतो त्यालाच होतो. वहीची किंमत उतरली तर ती सर्वांना उतरते.

आता देण्याकडे वळू. बाळंतपण सरकारी दवाखान्यात झाल्यास ‘जननी सुरक्षा’ योजनेतून ग्रामीण मातेला १,४०० रुपये. ‘प्रधानमंत्री मातृवंदना’ योजनेतून पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये: गरोदरपणी नाव नोंदवून तपासणी झाल्यावर ३,०००, आणि जन्मनोंद व पहिल्या लसी झाल्यावर २,०००. दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६,००० एकरकमी मिळतात. कन्या सुमंगला योजनेचा पहिला हप्ता ५,००० चा, आणि वर्षभराच्या लसी पुऱ्या झाल्या म्हणजे दुसरा २,००० चा. चारी मिळून पहिल्या वर्ष-सव्वा वर्षात १३,४०० रुपये होतात. पुढचे हप्ते पहिलीत ३,०००, सहावीत ३,०००, नववीत ५,००० आणि दहावी-बारावीनंतर पदवीच्या वा पदविकेच्या वर्गात नाव घातल्यावर ७,००० असे आहेत.

रोख रकमेइतकीच शिध्याची नोंद महत्त्वाची असते. अन्नसुरक्षा कायद्याखालील सर्वसाधारण शिधापत्रिकेवर माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळते, आणि त्यात तान्हे बाळही पूर्ण एक माणूस धरले जाते. बाळाचे नाव पत्रिकेवर चढविण्यास आईबापांनी एक वर्ष विलंब केला, तर ६० किलो धान्य बुडाले असे समजावे. सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंत अंगणवाडीचा पूरक आहार, पुढे आठवीपर्यंत शाळेतले दुपारचे जेवण, आणि उत्तर प्रदेशातील सरकारी शाळेत गणवेश, बूट, स्वेटर, दप्तर व वह्या-पेन्सिलींसाठी वर्षाला १,२०० रुपये पालकांच्या खात्यात. पोट भरण्यासाठी दिल्लीकडे बांधकामावर जाणाऱ्या बुंदेलखंडातील कुटुंबांनी एक ध्यानात ठेवावे: शिधा आता परगावच्या दुकानातही उचलता येतो, पण हे १,२०० रुपये शाळेच्या पटावर नाव असेल तरच येतात.

मातृवंदनेच्या रकमेविषयी एक शब्द बोलणे आवश्यक आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदर स्त्रीला किमान ६,००० रुपयांचे साहाय्य लिहून दिले. २०१७ साली योजना आली ती ५,००० ची आणि पहिल्या अपत्यापुरती. उरलेली भरपाई जननी सुरक्षेच्या पैशातून होते असे धरण्यात आले. दुसऱ्या मुलीचा समावेश २०२२ पासून झाला, पण पहिल्या अपत्याचे ५,००० मात्र तसेच आहेत. शंभर रुपयांच्या करमाफीची जी गत, तीच इथेही.

मधला उंबरठा

सर्वांत अवघड स्थिती असते ती तिसऱ्या घराची. सीपरी बाजारातील एखादा लहान दुकानदार, खाजगी शाळेतील शिक्षिका, दवाखान्यातील परिचारिका, यांची मिळकत दाखल्यावर ३ लाखांच्या आसपास येते. दाखला २ लाख ९५ हजारांचा असला तर मुलीला पुढचा हप्ता आहे. ३ लाख ५ हजारांचा असला तर काही नाही. दहा हजारांनी मिळकत वाढली म्हणून नववीचे ५,००० आणि पुढचे ७,००० गेले. करात असे होत नाही. तेथे एक टप्पा ओलांडला तर वाढीव रकमेवरच वाढीव दर बसतो, आणि २०२५ मध्ये १२ लाखांची रेघ आखताना तिच्या किंचित पलीकडे असणाऱ्याचे नुकसान होऊ नये म्हणून सीमांत सवलतीची तरतूद करण्यात आली. बारा लाखांच्या रेघेवर उभ्या असलेल्या माणसाची जी काळजी घेतली गेली ती तीन लाखांच्या रेघेवरील माणसाची कोणी घेतली नाही.

शिवाय रेघा तरी किती! खाजगी शाळेतील शेकडा २५ मोफत जागांसाठी उत्तर प्रदेशात दुर्बल घटकांना १ लाखाची मर्यादा, अनुसूचित जातींच्या शालांत परीक्षेनंतरच्या शिष्यवृत्तीला अडीच लाखांची, कन्या सुमंगलेला तीन लाखांची, मातृवंदनेत उत्पन्नाच्या आधारे पात्र ठरावयाचे असल्यास आठ लाखांची. एकच कुटुंब एका कचेरीत गरीब असते आणि दुसरीत नसते.

या रेघांपैकी सर्वांत सरकती रेघ ‘प्राप्तिकर भरणारा’ ही होय. लाडली लक्ष्मी योजना २००७ साली निघाली तेव्हा पुरुषाला १,१०,००० व स्त्रीला १,४५,००० रुपयांवर कर सुरू होत होता. २०१९ मध्ये सवलतीमुळे तो व्यवहारात ५ लाखांच्या पुढे गेला, नव्या पद्धतीत २०२३ साली ७ लाखांच्या पुढे व २०२५ साली १२ लाखांच्या पुढे. योजनेच्या अटीतील शब्द एकही बदलला नाही, पण त्या शब्दांत बसणारी माणसे बदलली. अटीच्या अक्षराकडे पाहिले, तर पूर्वी तिच्यामुळे बाहेर राहणारी पुष्कळ मध्यमवर्गीय घरे आता आत येतात. शेतीचे उत्पन्न मध्यवर्ती प्राप्तिकरातून मोकळे असल्याने मोठा बागाईतदार तर पूर्वीपासूनच ‘कर न भरणारा’ होता. उलट उत्तर प्रदेशात शिधापत्रिकेसाठी करदाता नसणे पुरत नाही. शहरात ३ लाख व खेड्यात २ लाख ही उत्पन्नाची मर्यादाही पाळावी लागते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. प्राप्तिकराचे विवरणपत्र भरणे आणि प्राप्तिकर भरणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कर्जासाठी किंवा कापून गेलेला कर परत मिळविण्यासाठी लहान दुकानदार विवरणपत्र भरतो. त्यावर देय कर शून्य असेल तर तो करदाता ठरत नाही. शेतकऱ्यांना वर्षाला ६,००० रुपये देणाऱ्या ‘किसान सन्मान’ योजनेतही अपात्र ठरतो तो मागील आकारणी वर्षात प्रत्यक्ष कर भरलेला माणूस. अनुदान बुडेल या भीतीने विवरणपत्र न भरणे, किंवा उत्पन्न खरे न सांगणे, दोन्ही महागात पडतात. दाखला मागताना शून्य देय कराच्या विवरणपत्राची प्रत सोबत ठेवावी.

जाता जाता ‘दोन’ या आकड्याविषयी. १९५७ ची करसवलत दोन मुलांपर्यंत होती. सरकारी नोकराचा शिक्षणभत्ता दोघांनाच, सुकन्या खाते सामान्यतः दोन मुलींचे, कन्या सुमंगला दोन अपत्यांच्या घरापुरती, आणि २०१७ च्या दुरुस्तीनंतर नोकरदार स्त्रीला सव्वीस आठवड्यांची प्रसूतिरजाही पहिल्या दोन बाळंतपणांपुरती; तिसऱ्याला बारा आठवडे. जुळ्यांचे अपवाद काही ठिकाणी आहेत. कुटुंबनियोजनाचा हेतू समजण्यासारखा आहे. पण तिसरे मूल जन्माला आल्यावर त्याला दूध कमी लागते असे नाही.

परदेशात हा प्रश्न कसा सुटला, हे थोडक्यात पाहण्यासारखे आहे. इंग्लंडात १९०९ पासून मुलांसाठी करात सूट होती. पण ज्याचे उत्पन्न करपात्रच नाही त्या मजुराला तिचा काय उपयोग? एलिनॉर रॅथबोन या बाईंनी अनेक वर्षे चळवळ केली आणि १९४५ च्या कायद्याने दुसऱ्या मुलापासून पुढे प्रत्येकामागे आठवड्याला पाच शिलिंग देण्याचे ठरले. ते बापाच्या नव्हे तर आईच्या हाती पडावेत हा त्यांचा आग्रह होता. १९७७ ते १९७९ या काळात तेथे करातील सूट आणि रोख भत्ता या दोन्ही एकत्र करून सर्व मुलांना लागू असा एकच भत्ता करण्यात आला. जर्मनीत आजही दोन्ही आहेत, पण त्यांपैकी कुटुंबाला जे अधिक लाभदायक ते करखाते स्वतःच हिशेब करून देते. आपल्याकडे दोन वह्यांचा मेळ घालण्याचे काम त्या त्या घरावरच येऊन पडते. आपल्याकडे या दोहोंना जोडणारा धागा एकच, तो उपकराचा: २००४ साली प्राथमिक शिक्षणासाठी शेकडा २ बसला, २००७ मध्ये त्यात माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी १ ची भर पडली आणि २०१८ पासून आरोग्य व शिक्षण मिळून तो शेकडा ४ आहे. नगऱ्यातील करदात्याचा पैसा याच वाटेने मऊरानीपूरच्या मुलीच्या ताटापर्यंत पोहोचू शकतो.

संसदेने २०२५ साली नवा प्राप्तिकर कायदा मंजूर केला आणि त्याच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरविली. कलमांचे क्रमांक बदलले, तरी कर आकारताना मुलांची संख्या विचारावयाची नाही हे धोरण तसेच आहे. त्यामुळे घराने आपला हिशेब देण्याच्या वहीकडेच अधिक लक्ष देऊन करावा, हे बरे.

त्या वहीची किल्ली म्हणजे जन्माचा दाखला. १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पुढील सर्व ठिकाणी जन्मतारखेचा पुरावा म्हणून तोच चालतो. जन्माची नोंद एकवीस दिवसांत विनामूल्य होते. नाव ठरले नसेल तरी नोंद थांबवू नये. बारशानंतर बारा महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येते, त्यापुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क देऊन. मातृवंदनेचा अर्ज बाळ जन्मल्यापासून २७० दिवसांच्या आत झाला पाहिजे. तो अंगणवाडीच्या ताईंकडे किंवा आशा कार्यकर्तीकडे करता येतो. उत्तर प्रदेशात तहसिलीतील उत्पन्नाचा दाखला तीन वर्षे चालतो, तेव्हा मुलगी सहावीत वा नववीत जाण्याच्या आधीच त्याची तारीख पाहून ठेवावी.

झाशीतील मराठी घरांसाठी याबाबतीत एक खास सूचना आहे. आपल्याकडे मुलीच्या नावापुढे वडिलांचे व लग्नानंतर नवऱ्याचे नाव लागते, शेवटी आडनाव येते. उत्तरेकडील कचेऱ्यांत स्त्रीच्या नावापुढे ‘देवी’ किंवा ‘कुमारी’ लिहिण्याची सवय आहे. आईच्या आधारपत्रिकेवर एक नाव, बँकेत माहेरचे दुसरे आणि मुलीच्या जन्मदाखल्यावर तिसरे, असे झाले की मंजूर झालेला हप्ताही खात्यात जमा न होता अडकतो. म्हणून दवाखान्यात नोंदीचा कागद भरतानाच आईचे नाव आधारपत्रिकेवर जसे आहे तसे, अक्षरन् अक्षर, लिहून द्यावे, आणि तिचे बँकेचे खाते आधाराशी जोडले आहे की नाही हे बाळंतपणापूर्वीच पाहून घ्यावे.